वाईटातला वाईट दिवस

माझ्या भावाला आजवर लोक काय काय म्हणालेत, सांगू? लहानपणी गल्लीत तो 'येडं' होता. शाळेत मास्तरांनी आधी 'मठ्ठ' ठरवला आणि गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा 'आगाऊ' ठरवला. मामा 'एककल्ली' म्हणायचा. शेजारीण आवाज खाली आणून आईला विचारायची, "जरा कमी आहे का हो?" आई म्हणायची, "कमी नाही, शांत आहे." पुढे कोणी 'मतिमंद' म्हणालं, त्यानंतरचे 'विशेष' म्हणायला लागले. पण 'विशेष' म्हणतानाचा चेहरा आणि 'येडं' म्हणतानाचा चेहरा, दोन्ही मला सारखेच दिसले. त्यापायी मी दोघातिघांना दगड मारलेत. पण खरं सांगते, या सगळ्या शब्दांनी मिळून त्याचं केलं नाही एवढं नुकसान माझ्या एका सहीने केलं. म्हणून हे मीच सांगायला हवं.

माझं शिवणाचं दुकान आहे. नवे कपडे शिवत नाही, असलेले अंगाला बसते करून देते. कंबर सैल करायची, पँट आखूड करायची, चेन बदलायची. तोंडाने मी फटकळ, हे गिऱ्हाइकंसुद्धा सांगतील. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आता एकोणपन्नासचा. दोन रस्ते पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायचा. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून एकटाच.

तो हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलरवर होता. बावीस वर्षं. हॉस्पिटलातली प्रत्येक चादर, प्रत्येक उशीचा अभ्रा ज्या वाफेवर धुतला जातो ती वाफ तो करायचा. परवान्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस. दर तासाला काचेतलं पाणी बघायचं, दाबाचा काटा बघायचा आणि वहीत लिहायचं. बावीस वर्षांत त्याच्या पाळीतल्या एका तासाची नोंद चुकलेली नाही. लाँड्रीतल्या बायका त्याला 'प्रेशर' म्हणायच्या. सकाळी कोणी विचारायचं, "काय प्रेशर, कसं काय?" की हा म्हणायचा, "सात किलो." त्याला वाटायचं बॉयलरचंच विचारतायत. नंतर नंतर त्याला कळलं होतं की त्या थट्टा करतात, तरी तो तेच उत्तर द्यायचा, कारण त्या हसायच्या आणि ते त्याला आवडायचं. हे त्यानेच मला सांगितलं होतं.

दुपारच्या सुट्टीत तो माझ्या दुकानात यायचा. माझ्या मशीनला तेल घालायचा, सुया आकाराप्रमाणे लावायचा, डबा खायचा आणि जायचा. फार बोलायचा नाही. मी मात्र गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगत सुटायची. एकदा म्हणाला, "ताई, आज तू बाराव्यांदा 'मेली' म्हणालीस." मी म्हटलं, "मोजतोस कशाला मेल्या?" तर म्हणे, "आता तेरा." आमचं बरं चाललं होतं हो. अगदी बरं चाललं होतं.

मग एक दिवस लाँड्रीच्या मॅनेजरने मला बोलावलं. माणूस चांगला. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "ताई, लाँड्री बाहेरच्या कंपनीकडे चाललीय. निम्मी माणसं कमी करणार. तुमच्या भावाला मुलाखतीत काही बोलता यायचं नाही, पहिल्याच यादीत नाव येईल. पण त्याचं ते जे काही आहे ना, त्याचा सरकारी कागद आणा. कागद असलेल्या माणसाला काढता येत नाही, नियम आहे." मी विचारलं, "त्याचं जे काही आहे म्हणजे काय?" तो ओशाळला. "मला शब्द माहीत नाही," म्हणाला. "तिथे सांगतील."

तो शब्द सरकारी तपासणी केंद्रात मिळाला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, गोड बोलायच्या. म्हणाल्या, "याला स्वमग्नता म्हणतात. हा आजार नाही. पूर्वी लोक काहीबाही बोलायचे, आता आपण नीट शब्द वापरतो." भाऊ म्हणाला, "शब्द बरोबर नाही. मी स्वतःत नसतो. मी बॉयलरमध्ये असतो." मला हसू फुटलं. बाईही हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. नंतर अहवालात वाचलं, 'स्वतःविषयीची जाणीव मर्यादित.' तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मला कागदाची घाई झाली होती.

त्याला आत तपासायला नेलं आणि माझ्या हातात अकरा पानांचा फॉर्म दिला. जवळच्या नातेवाइकाने भरायचा. शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या, बरोबर त्यांची मोठी मुलगी, आईची पर्स छातीशी घट्ट धरून बसलेली. मी पहिल्या पानावर दोन खुणा केल्या तोच त्या बाईंनी माझा हात धरला.

"पहिल्यांदा आलात?"

"हो."

"मग ऐका. असं लिहिलंत तर 'सौम्य' येईल. सौम्यला इथे कोणी विचारत नाही. मध्यमला नुसती रांग. चांगल्या दिवसाचं लिहायचं नाही. त्याचा वाईटातला वाईट दिवस डोळ्यांपुढे आणा आणि त्या दिवसाचं लिहा."

"पण ते खोटं होईल ना?"

"खोटं कशाला? तो दिवस झालाच होता ना? सगळे असंच लिहितात. इथे बसलेल्यांना विचारा."

मी आजूबाजूला पाहिलं. दोघंतिघं मान हलवत होते. माझ्याकडे माप द्यायला येणारी माणसं पोट आत ओढून उभी राहतात, मी त्यांना ओरडते, "श्वास सोडा, नाहीतर कपडा फाटेल." आणि इथे मी स्वतः उलटं करायला बसले होते. पोट पुढे काढून माप द्यायचं. मला ते पटलं, हेच तर दुःख आहे.

वाईट दिवस आठवायला कष्ट पडले नाहीत. आई गेली तेव्हाचे नऊ दिवस. तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहिला तो हललाच नाही. जेवण नाही, झोप नाही, शब्द नाही. चौथ्या दिवशी माझा डोळा लागला आणि तो खाली जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचला. दहाव्या दिवशी आपणहून आंघोळ केली, डबा भरला आणि कामावर गेला. माझी आई गेली होती म्हणून मीही तेव्हा शुद्धीवर नव्हते. माझा फॉर्म कोणी भरला असता तर? पण मला कोण विचारतंय.

रस्ता एकट्याने ओलांडतो का? कधीच नाही. स्वतः जेवण करतो का? कधीच नाही. धोका ओळखतो का? कधीच नाही. सतत सोबतीला माणूस लागतो का? नेहमी. अकरा पानं अशी भरली. शेवटी बारीक अक्षरात होतं, वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. त्याखाली मी ठसठशीत सही ठोकली.

कागद आला, त्यावर 'तीव्र' होतं, सोबत माझ्या अकरा पानांची प्रत जोडलेली. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. परीक्षेत पास झाल्यासारखा. तो कागद मी नाचवत मॅनेजरकडे नेला. त्याने वाचला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

"ताई, हे काय करून बसलात?" तो म्हणाला. "सौम्य आणलं असतंत तरी चाललं असतं. आता याला काढता तर येणार नाही. पण धोका ओळखत नाही असं लिहिलेल्या माणसाला बॉयलरपाशी उभं कसं करू? उद्या काही झालं तर मी आत जाईन."

"बावीस वर्षं करतोय की तो!"

"बावीस वर्षं कागद नव्हता."

त्या दिवसापासून पगार चालू, काम बंद. बॉयलरच्या खोलीबाहेर त्याला एक खुर्ची दिली. आत नवा माणूस आला. माझा भाऊ दारातून आवाज ऐकत बसायचा. आवाजावरून त्याला काटा कळायचा. दोनदा त्याने उठून सांगितलं, पाणी कमी पडतंय. पहिल्यांदा नवा माणूस म्हणाला, "बस रे बाबा." दुसऱ्यांदा त्याने तक्रार केली की हा उत्तेजित होतो. तेही फाइलीत गेलं. आणि लाँड्रीतल्या बायकांनी त्याला प्रेशर म्हणणं सोडलं. आता सगळ्या हळू आवाजात बोलायच्या, एकेक शब्द तोडून, "जे-व-लास का?" तो मला म्हणाला, "ताई, त्यांना काय झालंय?"

मी मनाशी म्हटलं, नोकरी तर वाचली. तेवढ्यात दुसरं पत्र आलं. देखभाल खात्याचं. 'तीव्र' श्रेणीतली व्यक्ती एकटी राहत असल्याचं निदर्शनास आलं आहे. महिनाअखेरीस अधिकारी घरी भेट देतील. राहणी असुरक्षित आढळल्यास निवासगृहात हलवण्यात येईल. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी ते निवासगृह बघून आले. भिंती स्वच्छ, अंगणात झाडं, नर्स हसतमुख. फक्त खोल्यांच्या कड्या बाहेरून होत्या. एका दारामागे कोणीतरी हळूहळू, एका लयीत ठोकत होतं आणि त्या हसतमुख नर्सला ते ऐकूच येत नव्हतं.

मी खात्याला फोन करून म्हटलं, "माझ्याकडे राहील तो." तर त्याला उत्तर तयार होतं. मी दिवसभर दुकानात, घरात दुसरं माणूस नाही. सतत सोबतीला माणूस लागतो, असं मीच लिहून दिलं होतं. पायावर धोंडा म्हणतात तो हाच, आणि धोंडा मीच उचलून आणला होता.

मग आम्ही दोघं त्या खात्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाला मी बॉयलरचा परवाना दाखवला, वहीची पानं दाखवली. तो म्हणाला, "हा दुसऱ्या खात्याचा कागद." मी म्हटलं, "अहो, तो सगळं करतो. स्वयंपाक, कपडे, रस्ता, सगळं!" त्याने माझा फॉर्म काढला, उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि सहीवर बोट ठेवलं.

"बाई, तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मी फॉर्म सुलटा करून त्याच्याकडे परत सरकवला.

तो काही दुष्ट नव्हता. आवाज उतरवून म्हणाला, "अधिकारी घरी येतील तेव्हा यांनी सगळं नीट करून दाखवलं तर त्या फेरतपासणी लिहू शकतात. मग हे सुटतील. पण मग आधीच्या फॉर्मवर खोटी सही कुणाची, हा प्रश्न निघणार. मागच्या वर्षी असंच एक गृहस्थ सापडले. सात महिने आत होते. त्यांचं दुकान होतं, ते गेलं." माझा भाऊ बाजूलाच होता, भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचत. मला वाटलं, त्याचं लक्ष नाही.

बाहेर येऊन मी त्याला बजावलं, "त्या बाई आल्या की सगळं करून दाखवायचं. चहा, अंडं, इस्त्री. माझं काय व्हायचं ते होईल, मी बघते." खरं सांगते, मी म्हणाले तसं, पण त्या रात्री सात महिने हे दोन शब्द माझ्या छातीवर बसून होते.

भेटीला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लाँड्रीतून फोन, तो आलाच नाही. मी धावत सुटले. कोपऱ्यावर फुटपाथच्या कडेला तो डबा घेऊन उभा होता. सकाळी सातपासून. समोर दिवा हिरवा होत होता, लाल होत होता, माणसं जात होती.

"अरे, उभा काय राहिलास?"

"मला रस्ता ओलांडता येत नाही."

"कोणी सांगितलं?"

"कागदात आहे."

मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. ते सगळं खोटं आहे, मी लिहिलंय ते, मूर्खा! तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सही तुझी आहे." मी त्याचा हात धरून त्याला पलीकडे नेलं. बावीस वर्षं रोज दोनदा ओलांडलेला रस्ता.

त्यानंतर रोज काहीतरी बंद पडत गेलं. त्याने जेवण करणं सोडलं, मी डबा नेऊन द्यायची. शर्टाची बटणं वरखाली लावायला लागला. आल्यागेल्याला उत्तर देणं सोडलं. मी विनवलं, चिडले, एकदा थोबाडीतसुद्धा मारली, देवा. तो गालावर हात ठेवून उभा राहिला आणि मग शांतपणे बटणं पुन्हा चुकीची लावायला लागला. मला वाटलं, तो कागद त्याच्या अंगात शिरतोय. एकेक ओळ करत आत चाललाय, आणि अकरा पानं संपतील तेव्हा माझा भाऊ उरणार नाही. मी रडायची, पण दुकानात, मशीनच्या आवाजात.

भेटीच्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. थंडी होती आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. मी लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे."

दहाला अधिकारीबाई आल्या. वयस्कर, दमलेल्या, जिना चढून धाप लागलेल्या. माणूस भला वाटला. खोली बघून म्हणाल्या, "अरे वा, किती टापटीप! हे कोण करतं?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई."

"तुम्ही काय काय करता?"

तो खिडकीबाहेर बघत मागेपुढे झुलायला लागला. असं तो जन्मात कधी झुलला नव्हता. बाईंनी फॉर्म काढला. "समोरच्याच्या मनात काय चाललंय ते यांना कळतं का?" त्यांनी मला विचारलं. तो झुलता झुलता म्हणाला, "नाही, नाही, नाही." त्यांनी खूण केली.

मग म्हणाल्या, "मला चहा करून द्याल?" मी मनात म्हटलं, कर रे बाबा, कर. तो ओट्यापाशी गेला. गॅसचं बटण फिरवलं. आणि पेटवलंच नाही. हात खाली सोडून उभा राहिला. गॅसचा फुसफुस आवाज खोलीत भरायला लागला. बाई किंचाळल्या, धावत जाऊन बटण बंद केलं. "बाप रे," त्या म्हणाल्या, "आणि हे एकटे राहतात?"

माझी नजर त्या उघड्या खिडक्यांकडे गेली. गॅस साचू नये म्हणून त्याने सकाळीच दोन्ही उघडून ठेवल्या होत्या. त्या क्षणी मला सगळं कळलं. त्या कारकुनाचा शब्द न् शब्द याने ऐकला होता. कागद त्याच्या अंगात शिरला नव्हता. तो कागद पाठ करत होता.

आता बोलायची वेळ होती. नुसतं म्हणायचं होतं, बाई, हा सोंग करतोय, माझ्यासाठी करतोय. मी खिडक्यांकडेच बघत राहिले. बाईंनी तिथेच उभ्याने लिहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही एकटीने किती केलंत," म्हणाल्या. "सोमवारी गाडी येईल. चार जोड कपडे भरून ठेवा." आणि त्या निघाल्या.

दार लागलं. त्याचं झुलणं थांबलं. त्याने शर्टाची बटणं काढली आणि नीट लावली, खालून वरपर्यंत. खिडक्या लावल्या.

"चार सेकंद सोडला होता फक्त," तो म्हणाला. "त्या धावल्या नसत्या तर मीच बंद केला असता."

"का रे असं केलंस?"

"दोघांतलं एक जण आत जाणार होतं. तुझं दुकान चालू आहे. माझं काम तसंही बंद आहे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं, तो सहसा कोणाकडे बघत नाही तसं, सरळ. "आठ दिवस सराव केला. झुलायचं काल रात्री ठरवलं. बरोबर झालं ना, ताई?"

जिन्यात बाईंच्या चपला वाजत होत्या. गुडघे दुखत असावेत, एकेक पायरी थांबून थांबून उतरत होत्या. हाक मारली असती तर वर आल्या असत्या. दुसरा मजला झाला, पहिला झाला, मग खालचा दरवाजा वाजला.

"हो," मी म्हणाले. "बरोबर झालं."